मदत हवी आहे: सेंट्रिफ्युगल कॉम्प्रेसरचं डिस्चार्ज तापमान हिशेबापेक्षा 14 अंशांनी जास्त

नमस्कार मंडळी. नैसर्गिक वायू, बहुतांश मिथेन. सक्शन (आत येणारी बाजू) 20 बार, डिस्चार्ज (बाहेर जाणारी बाजू) 50 बार (दोन्ही अ‍ॅब्सोल्युट, म्हणजे निर्वातापासून मोजलेले), सक्शन तापमान 35 अंश से. सरासरी तापमानाला के (वायूच्या दोन विशिष्ट उष्मांचं, Cp/Cv, गुणोत्तर) = 1.27 धरला, पॉलिट्रॉपिक कार्यक्षमता (दाब वाढवायला लागणारं आदर्श काम भागिले प्रत्यक्ष काम) डेटाशीटप्रमाणे 76 टक्के.

घातांक = (0.27 ÷ 1.27) ÷ 0.76 = 0.28
308 × 2.5^0.28 = 398 केल्विन, म्हणजे 125 अंश

मीटर मात्र 139 दाखवतोय. चुकून गेज दाब (वातावरणाच्या दाबापासून मोजलेले) घातले, तरी उत्तर 128-129 च्या पुढे जात नाही, त्यामुळे ती शंका मिटली. उलट हिशेब केला तर कार्यक्षमता 67 टक्क्यांवर येते. एवढी घसरण नुसत्या इंपेलरवरच्या थराने किंवा लॅबिरिंथ सील (फिरत्या भागाभोवतीची गळती रोखणारं खाचांचं सील) झिजल्याने होईल, हे मनाला पटत नाही.

खरा संशय अँटी-सर्ज व्हॉल्व्हवर आहे (प्रवाह फार कमी झाला तर डिस्चार्जचा वायू रीसायकल लाइनने सक्शनला परत सोडणारा व्हॉल्व्ह). रीसायकल लाइन कूलरच्या आधीच निघते आणि सक्शनचा थर्मोवेल (तापमापकाची पाइपमधली नळी) ती लाइन मिळते त्याच्या अलीकडे बसवलेला आहे, म्हणजे मिसळलेल्या वायूचं तापमान कुठेच मोजलं जात नाही. इंपेलरपाशी प्रत्यक्षात 46 अंश असतील, तर 76 टक्क्यांनीच 139 येतं. त्यासाठी साधारण 11 टक्के गरम वायू परत फिरायला हवा. व्हॉल्व्ह बंद दाखवतोय, पण त्यापुढचा पाइप हात लावू देत नाही.

मशीन न थांबवता ही गळती आणि सीलची झीज वेगळी कशी ओळखायची? बॅलन्स लाइनचा (बॅलन्स पिस्टनच्या सीलमधून गळलेला वायू सक्शनला नेणाऱ्या पाइपचा) दाब पुरेसा ठरेल का? आणि या दाबाला के स्थिर धरणं कितपत चालतं?