दहावीचा पहिला धडा आणि उत्पत्तीचा पहिला अध्याय : मुलाला काय सांगू?

शाहूपुरीची_मम्मी

सगळ्यांना सलाम, नमस्कार. जरा लांबड लावते, सांभाळून घ्या.

आम्ही पिढीजात ख्रिस्ती. सासरे होते तोवर आमच्या घरात रात्रीची प्रार्थना कधी चुकली नाही. थोरला यंदा दहावीला, मराठी मीडियम. विज्ञान भाग २ चा पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती'. पोराला आवडला. अवशेषांगे, जोडणारे दुवे, पेरिपॅटस काय नि प्लॅटिपस काय, भाजी निवडताना मलाच शिकवत बसायचा.

मग बाहेरगावचे एक वक्ते सभांना आले. पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं की बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीत, आहे तसं देवाने सगळं सहा दिवसांत घडवलं, पृथ्वी सहा हजार वर्षांची, कार्बन डेटिंग म्हणजे थाप, आणि ज्याला माकड आजोबा पाहिजे त्याने खुशाल झाडावर राहावं. सगळे हसले. आमचा हसला नाही. घरी येऊन ताटावर बसल्यावर म्हणतो, "मम्मी, बोर्डात खरं लिहायचं की मार्काचं?"

त्याचे पप्पा म्हणाले, "मार्काचं लिही आणि गप जेव." मला ते पटलं नाही. खोटं लिहून मार्क घे, असंच झालं की ते! त्यात क्लासमधल्या एका सरांनी भर वर्गात टोमणा मारला की बायबलवाल्यांना डार्विन पचत नाही. सगळी पोरं याच्याकडे वळून बघायला लागली. म्हणजे दोन्हीकडून कोंडी.

मला एवढंच विचारायचंय : दोन्ही खरं मानता येतं का, की एक सोडावंच लागतं? वेळ मारून नेणारं उत्तर देऊ नका. कुठलं उत्तर ढिलं आहे ते त्याला माझ्याआधी कळतं.

राजारामपुरीकर

ताई, लईच इचार करायलाय तुम्ही. पेपर बोर्डाचा हाय, पाळकसाहेबांचा न्हाई. मार्क पडू देत, बाकीचं कॉलेजात गेल्यावर बघू की.

जुना_मास्तर

ताई, सलाम. मी हायस्कुलात विज्ञान शिकवून रिटायर झालो आणि आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) वडील, म्हणजे एल्डर, म्हणून अजून बसतो. म्हणजे दोन्ही बाजूंच्या शिव्या खायची मला सवय आहे.

आधी कार्बन. वक्त्यांनी ज्याला थाप म्हटलं ते पृथ्वीचं वय काढायला कुणी वापरतच नाही. किरणोत्सारी कार्बन ५७३० वर्षांत निम्मा होतो. पन्नास हजार वर्षांपुढे मोजण्याजोगा उरत नाही. लाकूड, हाड, कोळसा यांच्यासाठी तो ठीक. दगडासाठी वेगळी घड्याळं आहेत. पोटॅशियमचा एक प्रकार १२५ कोटी वर्षांत निम्मा होतो आणि त्यातल्या काही भागाचा आर्गॉन वायू बनून दगडात अडकून राहतो. तो मोजायचा. आपल्या पायाखालचा काळा पाषाण अशाच पद्धतींनी सुमारे ६.६ कोटी वर्षांचा निघतो, आणि पृथ्वी सुमारे ४५४ कोटी.

मुलाला एकदा पन्हाळ्याला न्या, पण पिठलं-भाकरी खायला नव्हे. चढताना कडेला काळा बेसॉल्ट दिसतो, तो थंड झालेला लाव्हा. माथ्यावर लाल जांभा. हा जांभा त्याच काळ्या दगडातून, ऊनपावसात लाखो वर्षं कुजून तयार झाला. आणि सह्याद्रीत घाट कापलेला असतो तिथे दोन काळ्या थरांच्या मधे विटकरी मातीची पट्टी पुष्कळदा दिसते. म्हणजे एक लाव्हा येऊन थंड झाला, त्यावर माती तयार व्हायला वेळ मिळाला, मग दुसरा आला आणि त्याने ती माती भाजली. हे वक्ते म्हणतात तसं सगळं नोहाच्या एका जलप्रलयात, वर्षभरात कसं उरकलं, ते मला अजून एकाही वक्त्याने समजावून दिलेलं नाही. विचारलं की "विश्वास कमी पडतोय" म्हणतात.

आता सहा हजार हा आकडा. तो पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, कुठल्याच वचनात नाही. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० साली वंशावळ्यांतली वयं आणि राजांच्या कारकिर्दी जुळवून इसवी सनपूर्व ४००४ हे साल काढलं. पुढे ते इंग्रजी बायबलच्या समासात छापलं जाऊ लागलं आणि समासातलं हळूहळू लोकांना वचनासारखं वाटायला लागलं. माणूस विद्वान होता, त्याच्या काळात जी साधनं होती त्यांनी त्याने हिशेब केला. त्याला हसू नये. पण त्याचा हिशेब देवाच्या तोंडी घालायचं काय कारण? आज सभांतून जे ऐकू येतं त्याला तर खरा जोर १९६१ नंतर आला, अमेरिकेत एका धर्मपंडिताने आणि एका पाण्याच्या इंजिनिअरने मिळून जलप्रलयावर पुस्तक लिहिलं तेव्हापासून.

त्याच्या कितीतरी आधी, पाचव्या शतकात, ऑगस्टीन या ख्रिस्ती धर्माचार्याने उत्पत्तीवर भाष्य लिहिताना ते सहा दिवस आपल्या दिवसांसारखे नसावेत असं म्हटलं होतं. सूर्य चौथ्या दिवशी निर्माण झाला. मग पहिल्या तीन संध्याकाळी कशाच्या? हा प्रश्न डार्विनच्या भीतीने पडलेला नाही, डार्विनला यायला चौदाशे वर्षं होती. तोच ऑगस्टीन बजावतो की आकाश, पृथ्वी, तारे यांबद्दल ख्रिस्ती माणूस जाणकारांपुढे काहीबाही बोलला तर ते लोक पुनरुत्थानाबद्दलचं त्याचं बोलणं तरी का ऐकतील? तुमच्या मुलाच्या वर्गात नेमकं तेच घडलंय.

आणि आपल्याकडचं सांगायचं तर कोल्हापुरात मिशन आणणारे वाइल्डर साहेब १८५२ ला आले. डार्विनचं पुस्तक १८५९ चं. इथे पुढे जे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशन रुजलं त्याच पंथाच्या प्रिन्स्टन सेमिनरीतला (धर्मशिक्षणाच्या विद्यालयातला) प्राध्यापक वॉरफिल्ड पवित्र शास्त्रात चूक नाही असं ठासून सांगणारा, आणि तरी उत्क्रांती हे देवाचं काम करायचं साधन असू शकतं हे त्याला मान्य होतं. हार्वर्डचा वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे हा तर श्रद्धावान ख्रिस्ती आणि अमेरिकेतला डार्विनचा पहिला मोठा पाठीराखा. एक सोडावंच लागतं, असं यांना वाटलं नाही.

मुलाला म्हणावं, पेपरात धड्यातलं लिही, ते मार्काचं आहे आणि खरंही आहे. व्हिटॅमिन सी बनवणारा जनुक आपल्या शरीरात मोडक्या अवस्थेत पडून आहे, आणि चिंपांझीतही तसाच मोडका. माकड आपला आजोबा नाही, पण त्याचा आणि आपला कुणी फार जुना पूर्वज एक आहे, असाच त्याचा सरळ अर्थ होतो.

उपासना_संगीत

मास्तर, वाद हवाच कशाला? उत्पत्तीतलं देवाचं "प्रकाश होवो" म्हणजेच बिग बँग, विश्वाच्या सुरुवातीचा महास्फोट! विज्ञानाला आत्ता कळलं ते शास्त्रात साडेतीन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. मुलाला हे सांगा, वर्गात ताठ मानेने बसेल.

अंबाबाईच्या_गावचा

मग आमचा दशावतार घ्या की. मत्स्य पाण्यातला, कूर्म पाण्यात आणि जमिनीवर, वराह जमिनीवरचा, नरसिंह अर्धा प्राणी, वामन बुटका माणूस. अख्खी उत्क्रांती ओळीने आहे. डार्विनच्या आधी.

जुना_मास्तर

तुम्ही दोघं शेजारी बसा, चहा माझ्याकडून. तुमचं भांडण नाहीच, दोघांची युक्ती एकच आहे.

बिग बँगची कल्पना मांडणारा जॉर्ज लमेत्र हा बेल्जियमचा कॅथलिक धर्मगुरू. १९२७ साली त्याने विश्व प्रसरण पावतंय असं दाखवलं. आइन्स्टाइनने त्याला ऐकवलं की गणित बरोबर आहे पण भौतिकशास्त्र भयंकर. १९३१ ला लमेत्रने सगळं विश्व एका आदिअणूतून निघालं असं लिहिलं. फ्रेड हॉइलसारख्या खगोलशास्त्रज्ञांना त्यात धर्माचा वास यायचा; 'बिग बँग' हे नाव हॉइलनेच १९४९ मध्ये रेडिओवर बोलताना वापरलं. आणि १९५१ साली खुद्द पोप बारावे पायस यांनी जाहीर भाषणात जवळजवळ तेच म्हटलं जे उपासना_संगीत म्हणतायत, की विज्ञान आता त्या पहिल्या "प्रकाश होवो"चं साक्षीदार झालंय.

लमेत्रला आनंद व्हायला हवा होता. तो अस्वस्थ झाला. त्याने पोपच्या विज्ञानविषयक सल्लागाराशी बोलून हे थांबवायची खटपट केली, आणि पोप पुन्हा तसं बोलले नाहीत. त्याचं म्हणणं, माझा सिद्धांत देवाच्या प्रश्नाबाहेर आहे. आस्तिकालाही मोकळा, नास्तिकालाही. उद्या सिद्धांत बदलला तर काय, देवही बदलायचा? झगा घालणाऱ्या माणसाला हे कळलं होतं. १९६५ मध्ये विश्वाच्या त्या सुरुवातीच्या उष्णतेचा उरलेला, आकाशभर पसरलेला सूक्ष्मलहरींचा अंश सापडला, लमेत्रला ती बातमी मरणाआधी आजारपणात कळली. तेव्हाही त्याने त्यावर देवाचा शिक्का मारला नाही.

म्हणून ताई, "बायबलमध्ये बिग बँग आहे" हेही मुलाला सांगू नका. सहा हजार वर्षांइतकंच ते ढिलं आहे, फक्त ऐकायला बरं वाटतं. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात प्राणी आधी आणि माणूस नंतर; दुसऱ्यात माणूस आधी घडवला जातो, मग प्राणी. ज्यांनी हे दोन्ही शेजारी शेजारी ठेवले त्यांना हे दिसत नव्हतं का? त्यांना क्रमवारी सांगायची नव्हतीच. आजूबाजूचे लोक सूर्याला, चंद्राला देव म्हणून पुजत होते, आणि हे लिहितात की ते दोन दिवे आहेत, देवाने लावलेले.

ऊसवाला_करवीर

मास्तर, मी घरचा ख्रिस्तीच, पण सुटलो यातून. वयाचं, दिवसांचं तुम्ही छान सोडवलंत. माझी अडचण दुसरी. खोडकिड्यासाठी आम्ही उसाच्या पानाला ट्रायकोकार्ड, म्हणजे आत मित्रकीटक असलेली अंडी चिकटवलेलं कार्ड, टाचतो. त्यातून चिलटापेक्षा बारीक गांधीलमाशी निघते, किड्याच्या अंड्यात आपलं अंडं घालते, आणि तिची अळी ते अंडं आतून खाऊन बाहेर येते. शेतकऱ्याला झकास. पण कोट्यवधी वर्षं असं एकमेकांना आतून पोखरत पोखरत माणूस घडवायचा, ही प्रेमळ बापाची रीत म्हणायची? सहा दिवसांत घडवलं असतं तर निदान एवढं रक्त सांडलं नसतं.

जुना_मास्तर

गड्या, हा प्रश्न डार्विनने स्वतः विचारलाय, आणि कुणाला तर एसा ग्रेलाच. १८६० च्या मे महिन्यातलं पत्र आहे. त्यात तो लिहितो की सुरवंटाच्या जिवंत शरीरात पोसल्या जाणाऱ्या गांधीलमाश्या दयाळू देवाने मुद्दाम निर्माण केल्या, हे मला पटत नाही. तू कार्ड टाचता टाचता त्याच जागी पोचलास.

माझ्याकडे याला पूर्ण उत्तर नाही. बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात देव स्वतःच सिंहिणीची शिकार आणि रक्त पिणारी गरुडाची पिल्लं दाखवतो आणि त्याबद्दल माफी मागत नाही, एवढं मला माहीत आहे. त्याने तुझं समाधान होणार नाही. माझंही अर्धंच होतं.

आणि ताई, आणखी एक अवघड जागा आहे, ती मुलापासून लपवू नका. बायबलमध्ये प्रेषित पौल रोमकरांस पत्रात लिहितो की एका माणसामुळे, म्हणजे आदामामुळे, पाप जगात आलं. आज माणसांतली जनुकीय विविधता पाहून आपले पूर्वज कधी फक्त दोघंच होते असं दिसत नाही, हजारोंचा समूह दिसतो. मग आदाम कोण? काही म्हणतात त्या समूहातला देवाने निवडलेला एक, काही म्हणतात आपण सगळेच. पोप पायस यांनी १९५० मध्ये शरीराच्या उत्क्रांतीचा अभ्यास करायला मोकळीक दिली, पण पहिलं जोडपं सोडायला तयार झाले नाहीत. मी 'आपण सगळेच' म्हणणाऱ्यांकडे झुकतो. आमच्या मंडळीतले निम्मे 'निवडलेला एक' म्हणणारे आहेत, आणि प्रभुभोजनाला आम्ही एकाच टेबलाशी जातो.

शाहूपुरीची_मम्मी

मास्तर, सगळं त्याला मोठ्याने वाचून दाखवलं. आदामाचं ऐकून म्हणाला, "म्हणजे यांना पण सगळं माहीत नाही." मला वाटलं नाराज झाला, पण नाही. लमेत्रवर विज्ञान मंडळात बोलतो म्हणतोय. क्लासच्या सरांना काय उत्तर द्यायचं ते त्याचं त्याने ठरवलंय, मला सांगत नाहीये.

त्याचे पप्पा अजून "आधी चाचणी होऊ दे" वरच आहेत. पन्हाळ्याला मात्र यायला तयार झाले, पिठलं-भाकरीच्या अटीवर.

ऊसवाले दादा, त्याला ते ट्रायकोकार्ड बघायचंय, प्रकल्पाला घेतो म्हणाला. एखादं वापरलेलं मिळेल का? आम्ही रविवारी उपासना झाल्यावर दुपारी येऊ शकतो.

ऊसवाला_करवीर

या की. पण वापरलेलं नको, त्यातून माश्या उडून गेलेल्या असतात. नवीन कार्ड देतो, बरणीत घालून तोंडाला मलमलचं फडकं बांधायला सांगा. तीन-चार दिवसांत त्याच्या डोळ्यांदेखत बाहेर येतील. भिंग असलं तर घेऊन या.