पिल्लांच्या पायांतील अशक्तपणा : कमतरता नेमकी कोणत्या जीवनसत्त्वाची?

प्रश्न – परसातील कोंबडीपालक, खटाव तालुका, जि. सातारा

नमस्कार. आमच्याकडे गावरान कोंबड्या आहेत. पावसाळ्याच्या तोंडावर खुडूक कोंबड्यांखाली अंडी बसवून पिल्ले काढली आणि पावसामुळे ती बाहेर न सोडता शेडमध्ये भाताच्या तुसावर, बल्बच्या उबेत ठेवली आहेत. त्यांना तांदळाची कणी आणि मक्याचा भरडा देत आहोत. आता तिसरा आठवडा सुरू असून काही पिल्ले उभी राहण्याऐवजी घोट्यावर बसतात, पंखांचा आधार घेत पुढे सरकतात आणि त्यांची पायांची बोटे मुठीसारखी आत वळलेली दिसतात. खाण्याची इच्छा मात्र चांगली आहे. गावात कोणी कॅल्शियम द्यायला सांगतात, तर कोणी ही मानमोडीची सुरुवात आहे असे म्हणतात. नक्की काय समजावे आणि उपचार काय करावा?

उत्तर – तासगाव

भाऊ, आमच्याकडे पिल्ले पायांत अशक्त झाली की गुरांसाठी मिळणारे द्रव कॅल्शियम पाण्यातून देतात. दुकानात सहज मिळते आणि महागही नाही. चार-पाच दिवस देऊन पाहावे.

उत्तर – पशुवैद्यक, सांगली

कॅल्शियमचा सल्ला सर्रास दिला जातो. परंतु या वर्णनाला तो लागू पडेल असे मला वाटत नाही. गुरांच्या द्रव कॅल्शियममध्ये सहसा कॅल्शियम, फॉस्फरस, ड३ आणि ब१२ असते. बोटे आत वळणे, घोट्यावर चालणे, भूक शाबूत असणे आणि वय दोन-तीन आठवड्यांचे असणे ही सारी लक्षणे ब२ म्हणजे रायबोफ्लेविनच्या कमतरतेकडे बोट दाखवतात आणि नेमके तेच त्या बाटलीत नसते. तांदळाची कणी आणि मका या दोन्हींत रायबोफ्लेविन फारच कमी असते, त्यामुळे केवळ त्यांच्यावर वाढणाऱ्या पिल्लांत हा विकार दिसणे अपेक्षितच आहे. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचा आहारही असाच असेल, तर पिल्लू अंड्यातूनच अपुरा साठा घेऊन बाहेर पडते.

या कमतरतेत पायाकडे जाणारी मुख्य चेता (मज्जातंतू) सुजते. सूज नवी असेल तोवर पिल्लू औषधाने सावरते. उशीर झाला की चेतेची हानी कायमची होते आणि मग कितीही औषध दिले तरी बोटे सरळ होत नाहीत. म्हणून निदानाची पूर्ण खात्री होण्याची वाट न पाहता आजच सुरुवात करावी. मात्रा अगदी थोडी लागते: एका पिल्लाला १०० मायक्रोग्रॅम रायबोफ्लेविन, सलग दोन दिवस, आणि त्यानंतर योग्य खाद्य. ज्या गोळीवर ब२ चे प्रमाण १० मिलिग्रॅम लिहिलेले आहे, ती कुटून १०० मिलिलिटर पाण्यात मिसळली तर १ मिलिलिटरमध्ये ही मात्रा येते. पूड पूर्ण विरघळत नाही, म्हणून दर वेळी ढवळून, सुई काढलेल्या सिरिंजने चोचीच्या कडेने थेंब थेंब पाजावे. उरलेले पाणी उजेडात ठेवू नये, कारण प्रकाशाने रायबोफ्लेविन नष्ट होते. बाकीच्या पिल्लांना कोंबड्यांसाठीचे बी-कॉम्प्लेक्स पाण्यातून, बाटलीवरील प्रमाणाप्रमाणे द्यावे.

इतर शक्यता मनात ठेवाव्यात. चोच बोटाने दाबल्यावर रबरासारखी वाकत असेल तर तो मुडदूस आहे. तो ड३, कॅल्शियम किंवा फॉस्फरसच्या कमतरतेने होतो आणि उन्हापासून दूर ठेवलेल्या पिल्लांत संभवतो. पिल्लू मान मागे टाकून आकाशाकडे पाहत असेल तर ब१ चा, आणि तोल जाऊन डोके खाली किंवा मागे पिळवटत असेल तर ई जीवनसत्त्वाचा विचार करावा लागतो. घोट्यावरून शीर सरकून पाय बाहेर फिरला असेल तर मँगनीज किंवा कोलीन कमी पडलेले असते आणि असा पाय पुन्हा जागेवर येत नाही. मानमोडीत, म्हणजे राणीखेतमध्ये, पिल्ले केवळ पायांनी अधू होत नाहीत. धाप, हिरवट हगवण, मान मुरगळणे आणि झपाट्याने मर अशी चित्रे एकत्र दिसतात. एक पाय पुढे आणि एक मागे टाकून पडणे हे मॅरेक्स या विषाणूजन्य आजाराचे लक्षण आहे, पण तो आजार बहुधा याहून मोठ्या वयात दिसतो.

हगवणीसाठी, विशेषतः रक्ती हगवणीसाठी, काही औषध दिले आहे का, हे कृपया कळवावे.

प्रश्नकर्ता

आपल्या सविस्तर उत्तराबद्दल आभार. चोच कडक आहे, माना सरळ आहेत आणि मर झालेली नाही. रक्ती हगवण होऊ नये म्हणून दुकानदाराने दिलेले अँप्रोलियम सध्या पाण्यातून चालू आहे. त्यातच बी-कॉम्प्लेक्स मिसळले तर चालेल का?

उत्तर – पशुवैद्यक, सांगली

मिसळू नये. अँप्रोलियमची रचना ब१ सारखी असते आणि रक्ती हगवणीच्या जंतूला ब१ मिळू न देणे हेच त्याचे काम आहे. त्यामुळे सोबत ब१ असलेले बी-कॉम्प्लेक्स दिले की औषधाचा परिणाम कमी होतो. उलट अँप्रोलियम जास्त मात्रेत किंवा लांबवत राहिल्यास पिल्लालाच ब१ कमी पडते. विष्ठेत रक्त नसेल तर ते आता थांबवावे, तूस कोरडे ठेवावे आणि पाण्याच्या भांड्याभोवतीचा ओला थर रोज उचलावा. रक्त दिसत असेल तर अँप्रोलियमचा ठरलेला कालावधी पूर्ण करून मग बी-कॉम्प्लेक्स सुरू करावे. आजारी पिल्लांना फक्त ब२ ची वेगळी गोळी मिळाली, तर मात्र वाट पाहण्याचे कारण नाही. एखादे पिल्लू दगावलेच, तर ते शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात शवविच्छेदनासाठी न्यावे. सुजलेली चेता तेथे उघड दिसू शकते.

उत्तर – लेअर पोल्ट्रीधारक, विटा

औषधाबद्दल डॉक्टरसाहेबांनी सांगितले आहेच. मी खाद्यापुरते लिहितो. कणी आणि भरडा बंद करून पहिले सहा ते आठ आठवडे तयार चिक स्टार्टर द्यावे. पोत्यावरची तारीख पाहून घ्यावी, कारण पावसाळ्यात दमट जागी पडून राहिलेल्या खाद्यातील जीवनसत्त्वे घटतात आणि बुरशीही लागते. घरीच खाद्य करायचे असेल तर मका, सोयापेंड, खनिज मिश्रण आणि जीवनसत्त्वांचे प्रीमिक्स एवढे तरी हवेच. आपल्या भागात सोयाबीन घरचे असते म्हणून ते कच्चेच दळून घालण्याचा मोह होतो. तसे करू नये, कच्च्या सोयाबीनमधील घटक प्रथिनांचे पचन रोखतात. अंड्यावरच्या कोंबड्यांचे लेअर खाद्य स्वस्त मिळाले तरी पिल्लांना घालू नये. त्यात कॅल्शियम साडेतीन ते चार टक्के असते, पिल्लांना साधारण एक टक्का पुरते आणि जादा कॅल्शियमने त्यांचे मूत्रपिंड बिघडते. मेथीघास असेल तर बारीक चिरून द्यावा. त्यात रायबोफ्लेविन चांगले असते, पण तो खाद्याला जोड म्हणूनच.

अधू पिल्ले वेगळ्या खोक्यात, उथळ भांड्यात पाणी आणि खाद्य देऊन ठेवावीत. बाकीच्यांच्या पायाखाली ती तुडवली जातात आणि आजारापेक्षा उपासमारीनेच आधी जातात. खोक्यात गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरू नये, त्यावर पाय फाकतात. तूस किंवा गोणपाट बरे.

प्रश्नकर्ता

अँप्रोलियम थांबवले आहे, कारण विष्ठेत रक्त नाही. ज्यांची बोटे तशीच राहतील, ती पिल्ले ठेवावीत की काढून टाकावीत?

उत्तर – पशुवैद्यक, सांगली

हा आजार संसर्गजन्य नाही, त्यामुळे इतरांना धोका नाही. जे पिल्लू स्वतः भांड्यापर्यंत पोहोचते आणि ज्याचे वजन वाढते आहे, ते वाकड्या बोटांनिशीही वाढवता येते. पुढच्या खेपेस अंडी बसवण्यापूर्वी काही आठवडे मोठ्या कोंबड्यांना प्रीमिक्स असलेले खाद्य आणि हिरवा चारा सुरू करावा.