सूडोजीन: छद्मजनुक, मिथ्याजनुक की निकामी जनुक?

आरोग्यावरच्या एका लेखाचं मराठी करतेय, त्यात सूडोजीन (जनुकासारखा दिसणारा, पण जनुकाचं नेहमीचं काम न करणारा डीएनएचा तुकडा) पानोपानी आलाय. वरचे तीन शब्द सुचलेत. वाचणाऱ्याला पटकन कळावं म्हणून निकामी जनुक घेऊ का?

—
निकामी नका घेऊ प्लीज. १९७७ साली झेनोपस नावाच्या आफ्रिकन बेडकात एका जनुकाशेजारी त्याचीच अर्धवट नक्कल सापडली, तिला सूडोजीन म्हटलं, आणि मग कितीतरी वर्षं हा सगळा प्रकार भंगारातच जमा होता. माणसात असे १४ हजारांच्या आसपास आहेत, सरसकट सगळ्यांना निकामी कसं म्हणणार? पीटेन बघा, कॅन्सरला आवर घालणारं जनुक. त्याच्या आरएनएला (जनुकावरून उतरवलेली प्रत, तिच्यावरून प्रथिन बनतं) काही मायक्रोआरएनए, म्हणजे आरएनएचेच छोटे तुकडे, चिकटतात आणि त्याचं काम दाबतात. पीटेनपी१ हा त्याचा सूडोजीन, प्रथिन बनवत नाही पण आरएनए बनवतो, आणि तो इतका सारखा असतो की तेच मायक्रोआरएनए त्यालाही जाऊन चिकटतात आणि खऱ्या पीटेनवरचा दाब कमी होतो. हे २०१० मध्ये दाखवलं गेलं. आतड्याच्या काही कॅन्सरमध्ये तर पीटेनपी१ गळून गेलेला सापडला. (पेशीत एरवी पीटेनपी१चा इतका थोडा आरएनए असताना एवढा फरक पडेल का यावर संशोधकांत वाद आहे, लेखात तेही यायला हवं.)

मिथ्या म्हटलं की नसलेलंच असं वाटतं, आणि हे तर डीएनएत खरोखर असतं. छद्म म्हणजे दुसऱ्याचं रूप घेतलेलं. माझं मत छद्मजनुक.

—
पीटेनपी१ ला छद्म शोभतं, पण गुलोचं काय? बहुतेक सस्तन प्राणी व्हिटॅमिन सी स्वतःच्या लिव्हरमध्ये बनवतात, त्यासाठी लागणारं हे गुलो जनुक आपल्यात मोडलंय म्हणून फळं-भाज्या नाही मिळाल्या तर स्कर्व्ही होतो. आपल्याकडे त्याची दुसरी चालू प्रत नाहीच, मग रूप कोणाचं घेतलं?

—
हो, हा मुद्दा मान्य. तिथे मी सरळ 'बंद पडलेलं जनुक' लिहीन. पण आजारांच्या लेखात जास्त येणार ती नकलेची उदाहरणं, आणि सीवायपी२१ए२ तर यायलाच हवं. अ‍ॅड्रिनल ग्रंथीत कॉर्टिसॉल हे हार्मोन बनवायला लागणारं हे जनुक ६ व्या क्रोमोसोमवर आहे, जवळच त्याचा सूडोजीन, दोघं जवळपास ९८ टक्के सारखे. अंडं किंवा शुक्राणू तयार होताना कधी कधी सूडोजीनमधला बिघडलेला तुकडा खऱ्या जनुकात उतरतो, किंवा दोघांची अदलाबदल होताना खरं जनुकच उडतं. आई आणि वडील दोघांकडून अशी बिघडलेली प्रत आली की बाळाला कॉर्टिसॉल कमी पडतं, तीव्र प्रकारात अंगातलं मीठ लघवीवाटे जाऊन पहिल्या काही आठवड्यांतच जिवावर बेततं. या आजारातले बहुतेक म्युटेशन असे शेजारच्या सूडोजीनकडूनच आलेले असतात. आणि टेस्ट करणाऱ्या लॅबलाही हे सारखेपण नडतं, खऱ्याऐवजी सूडोजीनच वाचला गेला तर रिपोर्ट चुकतो. हे वाचल्यावर तरी छद्म हा शब्द किती नेमका आहे ते पटेल.

—
पटलं. अनेकवचन?

—
छद्मजनुकं, जोडून लिहा, नपुंसकलिंगी. आणि पहिल्यांदा येईल तिथे 'छद्मजनुक म्हणजे सूडोजीन' असं लिहा, रिपोर्टवर लोकांना सूडोजीनच दिसणार आहे.