बोटं हलतात म्हणून हाड शाबूत?

प्रश्न असा होता, आई पडल्या, घोटा सुजलाय, हाड मोडलं असेल का? त्यावर कुणीतरी लिहिलंय, आईंच्या पायाची बोटं हलतायत म्हणजे फ्रॅक्चर नाही. हे काही खरं नाही. बोटं हलवणारे बरेचसे स्नायू पोटरीत असतात, घोट्याचं हाड तडकलं तरी बोटं हलतात. सुजेवरूनही कळत नाही. नुसत्या मुरगळण्यानेही घोटा टम्म फुगतो.

एक्स-रे लागतो का हे ठरवायला डॉक्टर पाहतात ते ओटावा नियम, कॅनडात १९९२ साली मांडलेले. घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी हाडं वर येतात, त्यांच्या टोकावर आणि मागच्या कडेने ६ सेंमी वरपर्यंत दाबायचं. नेमकं हाडावर दुखलं, किंवा पडल्यावर लगेच आणि तपासतानाही चार पावलं (लंगडत का होईना) टाकता आली नाहीत, तर एक्स-रे. करंगळीच्या बाजूने पावलाच्या मध्यावरही दाबून बघा, पाय मुरगळताना तिथलं हाडही मोडतं आणि घोट्याच्या नादात ते राहून जातं. हाड सोडून पुढच्या मऊ भागातच दुखत असेल तर बहुधा लिगामेंट (हाडाला हाड जोडणारा पट्टा) दुखावलंय.

आईंचं वय पाहता मी तरी एक्स-रे काढूनच घेईन. आणि आपल्या इंदूरची सवय, आधी पहलवानाकडे (हाडं बसवणाऱ्याकडे) मालिशला न्यायचं, ती तोवर नको. पाऊल गार, बधिर किंवा वाकडं दिसलं तर मात्र सकाळची वाट पाहू नका.