एकटं बसलं की लोक विचारतात, "काय झालं?"

आमच्याकडं माणूस ओट्यावर एकटं बसलेलं दिसलं की येणारा-जाणारा थांबतो. "बरं नाही का? घरी भांडण झालं का?" तरी काहींना एकट्यानं वेळ घालवायची गोडी लागतेच. तुम्हाला कशी लागली? मराठवाड्यातल्यांनी सांगा, बायकांनी तर नक्कीच.

लातूर, नीटची तयारी:
रविवारी संध्याकाळी मेस बंद. रूममेट गावाकडं. एकट्यानं हॉटेलात बसायची लाज वाटायची, मग बिस्किटावर भागवायचो. कंटाळून गंजगोलाईच्या बाजारात जायला लागलो. तिथं 16 रस्ते येऊन मिळतात. दर रविवारी त्यातला एक धरायचा आन् चालत सुटायचं. त्या गर्दीत मला कुणी मार्क विचारत नाही.

छत्रपती संभाजीनगर, बँकेत नोकरी:
सोबत मिळेना म्हणून वेरूळ राहूनच जात होतं. शेवटी एकटीच एसटीत बसले. (मंगळवारी लेणी बंद असतात, तेवढं बघून निघा.) "एक तिकीट" म्हटल्यावर मागं अजून कोण आहे, हे कंडक्टरनं वाकून पाहिलं. सगळी झुंबड 16 नंबरच्या कैलासाकडं. मी आधी 10 नंबरला गेले. त्याला सुतार का झोपडा म्हणतात. छत दगडाचंच, पण लाकडी वासे लावावेत तशा कमानी कोरल्यात. सोबत कुणी असतं तर दोन फोटो काढून "चल, चल" झालं असतं. खरं सांगायचं तर सुरुवातीला नुसती चुळबूळ. हात सारखा फोनकडं. मग कधीतरी तो पर्समध्येच राहिला. आता अधूनमधून जाते. घरी "कुणासोबत चाललीस?" विचारलं की मात्र अजूनही मैत्रिणीचं नाव सांगते.

परभणीकडचा शेतकरी:
रात्रीची लाईट असली की हरभऱ्याला पाणी द्यायला एकटाच असतो. सापाइंचवाचं भ्याव, डोळ्यात झोप. त्याला गोडी म्हणू नका. पण सरी भरेस्तोर बॅटरी विझवून बांधावर बसलं की सोसायटीचं कर्ज आठवत नाही, एवढं खरं.

बीड जिल्हा (भाचीनं टाईप करून दिलं):
पोरगा-सून दिवाळीनंतर ऊसतोडीला जातेत. घरी मी आन् शेळ्या. मला कसली गोडी? मी भजनाला जाते. माझ्या ओट्यावर कुणी "बरं नाही का" विचारायला आलं तर मला बरंच वाटतं.

नांदेड, शिक्षिका:
बाई एकटी हॉटेलात शिरली की पोऱ्या विचारतो, "पार्सल का?" बसायचंय म्हटलं की फॅमिली रूम दाखवतो. मी बाहेरच्याच टेबलावर बसते. ज्यांना सवय करायचीय त्यांनी दुपारी चारच्या सुमारास जावं, गर्दी नसते. आन् चहापासून सुरुवात करा, एकदम थाळीपासून नको.