भावांच्या बँडवरचा माहितीपट: बोलणारे जवळजवळ सगळे पुरुषच, आता काय करू?

तारसप्तक: रफ कट (कच्चं संकलन) ९५ मिनिटांचा. २६ जण बोलतात, त्यात बायका तीन, आणि तिघीही 'स्वभावाने ते कसे होते' एवढंच सांगतात. पिक्चर लॉकला (त्यानंतर दृश्यांची कापाकापी बंद) सहा आठवडे, नव्या चित्रीकरणाला तीनच दिवस. बँड भावांचा, तेव्हा मुख्य पात्रं बदलणार नाहीत. सुरुवात कुठून करू? बघण्यासारखं काही असेल तर तेही सांगा.

कात्रीवाली: डोकी मोजू नका, सेकंद मोजा. टाइमकोडसकट ट्रान्सक्रिप्ट काढा आणि तक्त्यात चार रकाने घाला: कोण, एकूण सेकंद, पहिल्यांदा कितव्या मिनिटाला, कशाबद्दल. शेवटच्या रकान्यात तीनच खुणा: संगीत, घर, कौतुक. बहुतेक वेळा 'संगीत' पुरुषांच्या वाट्याला जातं आणि 'घर' बायकांच्या. मूळ घोळ प्रश्नावलीत असतो. कीबोर्ड वाजवणारीला कॉर्डबद्दल विचारलंच नसेल, तर ते उत्तर एडिटमध्ये येणार कुठून? तरी आधी कच्चं फुटेज पुन्हा ऐका. कामाचं वाक्य पुष्कळदा प्रश्न संपल्यावर, माइक काढता काढता निघतं.

जुनी तबकडी: भावांच्या बँडवरचे तीन माहितीपट बघा. एडगर राइटचा 'द स्पार्क्स ब्रदर्स' (२०२१): स्पार्क्स या बँडच्या रॉन आणि रसेल मेल या भावांवर. त्यात नव्वदच्या दशकातली त्यांची ड्रमर क्रिस्टी हेडन बोलते, १९८३चं द्वंद्वगीत गाणारी जेन वीडलिनही. दोघी कामाच्या नात्याने आल्यात, शोभेला नाही.

डिस्कोसाठी गाजलेल्या बी जीज या भावांच्या बँडवरचा २०२०चा: १२ जुलै १९७९ला शिकागोच्या कोमिस्की पार्क या बेसबॉल मैदानात डिस्कोविरोधी कार्यक्रमात डिस्कोच्या रेकॉर्डी स्फोटाने उडवल्या. त्या दिवशी तिथे अशर (प्रेक्षकांना जागा दाखवणारा) म्हणून काम करणारा विन्स लॉरेन्स, पुढे हाउस या नृत्यसंगीताचा निर्माता झाला, तो सांगतो की लोकांनी आणलेल्या रेकॉर्डींत डिस्को नसलेलं कृष्णवर्णीयांचं संगीतही होतं. भावांची उतरती कळा म्हणून जे निघून गेलं असतं, त्याचा अर्थच या एका साक्षीने बदलतो.

आणि 'अ बँड कॉल्ड डेथ' (२०१२): डेट्रॉइटचे तीन कृष्णवर्णीय हॅकनी भाऊ. १९७५चं ध्वनिमुद्रण अल्बम म्हणून आलं ते २००९मध्ये. त्यात घरचेही बोलतात, त्यामुळे समीक्षकांनी शोध लावल्याचा आव येत नाही.

एकताल: बँडच पुरुषांचा असेल तर ओढूनताणून बायका कशाला?

कात्रीवाली: ओढूनताणून नकोतच. रेकॉर्डच्या पाकिटावरची बारीक अक्षरातली नावं वाचा: कोरस, साउंड इंजिनिअर, व्हायोलिनवाल्या, पोशाख करणारी. काम चालू असताना या बायका तिथेच होत्या. आणि भावांनी लय ज्या लोकांकडून उचलली, त्यांना निवेदनात 'प्रेरणा' या एका शब्दात उरकू नका. त्यांच्यापैकी कुणाला ती लय कॅमेऱ्यासमोर वाजवायला सांगा. चाळीस सेकंद पुरतात.

बूमवाला: तीन दिवसांत पाच मुलाखती धरा, जास्त नको. जुनीच लेन्स, तीच पार्श्वभूमी, प्रकाशाची तीच बाजू, नाहीतर नवा माणूस ठिगळ दिसतो. प्रत्येक खोलीत ३० सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करा, कापाकापीत ती लागतेच. कुणी कॅमेऱ्यासमोर यायला तयार नसेल तर नुसता आवाज घ्या आणि त्यावर जुने फोटो टाका.

नव्या पाचपैकी निदान दोघांना पहिल्या पंधरा मिनिटांत आणा. साठाव्या मिनिटानंतर सगळे एकदम आले की भरती केलेली लगेच कळते. नावाची पट्टीही तपासा: 'ड्रमर' लिहायचं, 'अमक्याची बायको' नाही.

जुन्या फुटेजमध्ये बाईमाणूस म्हणजे फक्त किंचाळणारी गर्दी असेल, तर तसा एकच शॉट ठेवा.

तारसप्तक: कोरसवाली तयार आहे. तिच्याकडून गाण्याची एक ओळ गाऊन घेतली तर?

बूमवाला: घ्या, पण निर्मात्याला आजच सांगा. तिने गायलं तरी गाण्याच्या रचनेची सिंक परवानगी (गाणं चित्रासोबत वापरण्याची) लागते. मूळ रेकॉर्डिंग खाली वाजवलंत तर मास्टरची, म्हणजे त्या रेकॉर्डिंगचीही, आणि ती वेगळ्या मालकाकडे असू शकते. सहा आठवड्यांत दोन्ही मिळतीलच असं नाही, म्हणून गाण्यातला तिचा हिस्सा तिने कसा बसवला, हे ती न गाता नुसतं बोलून सांगतानाही शूट करून ठेवा.