मदत हवी आहे: १२ ऑगस्टचं खग्रास ग्रहण, बुर्गोसचा मुक्काम आणि ढगांचा भरवसा

लांबण लागणार आहे, आधीच माफी मागते.

१२ ऑगस्ट २०२६ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी मी, धाकटा भाऊ आणि बाबा असे तिघं स्पेनला चाललोय. विमानाची तिकिटं झाली, उत्तरेकडच्या बुर्गोसला १० ते १३ तारखेपर्यंत राहायची सोय झाली, गाडीही ठरली. ग्रहणाला अजून महिना आहे. इथेच थांबलो असतो तर धागा काढायची वेळ आली नसती. पण भावाने फोनवर हवामानाचं एक अ‍ॅप घेतलंय आणि ते आत्तापासूनच १२ तारखेच्या संध्याकाळी ढग दाखवतंय. परवा ऊन दाखवत होतं, काल पाऊस. भाऊ सकाळी उठून आधी त्याचं तोंड बघतो आणि मग घरात रोज नव्या शहराचं नाव निघतं. सोमवारी मायोर्का बेटावरचं पाल्मा, मंगळवारी व्हॅलेन्सिया, आज तर आइसलंडही येऊन गेलं.

एरवी मी हसून सोडून दिलं असतं. पण बाबांचा इतिहास वाईट आहे. १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये राजस्थानात नीम का थान्याला जायचं पक्कं ठरलं होतं, ऐनवेळी रजा नामंजूर झाली. जे गेले त्यांना स्वच्छ आकाशात ग्रहण दिसलं आणि त्यांनी पुढे कित्येक वर्षं बाबांना ते ऐकवलं. ११ ऑगस्ट १९९९ ला बाबा हट्टाने भूजला गेले, तिथे ढग. २२ जुलै २००९ ला सुरतेला मीही बरोबर होते. पहाटेपासून गच्चीवर उभे होतो. तीन मिनिटांहून जास्त खग्रास, आणि वर राखाडी गोधडी. अंधार आला, पक्षी गप्प झाले, अंधार गेला. बाबा एवढंच म्हणाले, "चला, निदान काळोख तरी बघितला." आता ते बहात्तर वर्षांचे आहेत, गुडघे कुरकुरतात, गाडीत सलग दोन तासांच्या वर बसवत नाही.

तर प्रश्न असे. अंदाजावर विश्वास ठेवायला नेमकं कधीपासून सुरुवात करायची? बुर्गोस सोडून आत्ताच दुसरीकडे बुकिंग करावं का? भावाचं म्हणणं, भूमध्य समुद्राकाठी ढग कमी, सगळं मोडून पाल्माला जाऊ. माझं म्हणणं, तिथे सूर्य जवळजवळ बुडालेला असेल. आणि शेवटचं, त्या दिवशी ढग आलेच तर बाबांना घेऊन किती धावपळ करावी? तुमच्यापैकी कुणी असा ढगांचा पाठलाग केला असेल तर अनुभव हवा आहे. "नशिबात असेल ते होईल" हे आमच्याकडे भरपूर स्टॉकमध्ये आहे.

खग्रासवेडा:

ताई, पहिलं काम, ते अ‍ॅप काढून टाका. महिन्याभरानंतरच्या एका संध्याकाळचे ढग कुणालाही सांगता येत नाहीत. अशी अ‍ॅप त्या भागातली ऑगस्टची सरासरी किंवा फार लांबचं, रोज बदलणारं गणित घेतात आणि त्याला चित्राचं रूप देतात. दहा दिवस आधीपर्यंत तुमच्या हाती असते ती फक्त सरासरी, म्हणजे आजवरच्या ऑगस्टमध्ये कुठे किती ढग असायचे ते. कॅनडाचे हवामानतज्ज्ञ जे अँडरसन वर्षानुवर्षं प्रत्येक ग्रहणाच्या पट्ट्यासाठी हेच काम करत आलेत. मुक्काम निवडायला ते उत्तम. पण मुक्काम निवडून झाला की सरासरीचं काम संपलं.

हे मी पोळून शिकलो. ८ एप्रिल २०२४ च्या ग्रहणाला सगळे आकडे सांगत होते मेक्सिको आणि टेक्सास. अमेरिकेच्या ईशान्येला व्हरमाँट, मेनकडे एप्रिलमध्ये आकाश मोकळं मिळणं म्हणजे लॉटरी. मी शहाण्यासारखा टेक्सासला गेलो. त्या दिवशी व्हरमाँट आणि मेनमध्ये आकाश निळंशार, आणि मी टेक्सासात ढगांच्या भोकांमधून तुकड्या-तुकड्याने ग्रहण पाहतोय. हिऱ्याची अंगठी (सूर्य झाकताना चमकणारा शेवटचा ठिपका) दिसली, मग ढग, मग शेवटी सूर्याभोवतीची थोडी प्रभा. सरासरी चुकली असं मी म्हणत नाही. सरासरी एका दिवसाबद्दल काही बोलतच नाही, एवढंच.

मग कधीपासून बघायचं? पाच-सहा दिवस आधी युरोपियन मॉडेल, म्हणजे संगणकावर गणित करून काढलेला हवामानाचा अंदाज, उघडा, पण एकच उत्तर नका बघू. सुरुवातीची स्थिती किंचित बदलून तेच गणित पन्नास वेळा केलेलं असतं, ते बघा. पन्नासपैकी पंचेचाळीस एक बोलत असतील तर कान द्या. निम्मे इकडे निम्मे तिकडे असतील तर फोन बंद करून फिरायला जा, कारण त्याचा अर्थ "अजून ठरलेलं नाही" असा आहे. दोन दिवस आधी अंदाज बऱ्यापैकी कामाचा होतो. आणि ग्रहणाच्या दिवशी दुपारनंतर मॉडेल सोडा, मेटिओसॅट उपग्रहाची चित्रं बघा. दर दहा-पंधरा मिनिटांनी नवीन येतात. ढग कुठे आहेत आणि कुठे सरकतायत हे त्यात दिसतं.

आणखी एक. एकूण ढग किती टक्के, या आकड्याने घाबरू नका. खालचे, मधले आणि वरचे ढग वेगळे करून बघा. वरचे पिंजलेल्या कापसासारखे पातळ ढग असले तरी प्रभाकिरीट (झाकलेल्या सूर्याभोवतीचं तेजोवलय) दिसतो, जरा मलूल दिसतो इतकंच. खालचा जाड थर असेल तर सगळा खेळ संपला.

नकाशेबाज:

वरचं सगळं मान्य, पण या ग्रहणात एक गोम आहे.

खग्रास बुर्गोसला संध्याकाळी साधारण ८ वाजून २८ मिनिटांनी लागतं आणि १ मिनिट ४४ सेकंद टिकतं. तेव्हा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ८ अंशांवर असतो. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण १० अंशांची. म्हणजे सूर्य एका मुठीच्याही खाली! दिशा पश्चिमेपासून थोडी उत्तरेकडे.

आता गणित करा. ८ अंशांवर बघताना ढगाच्या उंचीची सातपट केली की तो तुमच्यापासून किती लांब असताना सूर्य झाकेल ते अंतर मिळतं. दोन किलोमीटर उंचीचा ढग असेल तर चौदा किलोमीटर. दहा किलोमीटर उंच चढलेला वादळी ढग असेल तर सत्तर. म्हणजे बुर्गोसला डोक्यावर निरभ्र असून उपयोग नाही, तुमचं ग्रहण पालेन्सिया प्रांताच्या उत्तर भागावरचं आकाश ठरवणार. अ‍ॅपमध्ये "बुर्गोस" टाकून जे मिळतं ते चुकीच्या जागेचं उत्तर आहे. उपग्रहाच्या चित्रात बोट बुर्गोसवर नाही, त्याच्या पश्चिमेला सत्तर किलोमीटरपर्यंत ठेवायचं.

शिवाय विरळ ढगही इतक्या तिरक्या नजरेने बघितले की एकामागे एक येतात आणि मधल्या फटी बुजतात. "३० टक्के ढग" असेल तर समोर भिंत उभी राहू शकते.

म्हणूनच पाल्माला मी नको म्हणेन. तिथे १ मिनिट ३६ सेकंद आहेत खरे, पण सूर्य सव्वादोन-अडीच अंशांवर. वीसपटीहून जास्त लांबचा ढगही आडवा येणार, धुरकं वेगळंच. आणि बेटावरून गाडी काढून जाणार कुठे? व्हॅलेन्सियाला वेळच साधारण एक मिनिट. उत्तरेचा समुद्रकिनारा उलट बाजूने वाईट. ओव्हिएदोला १ मिनिट ४८ सेकंद आणि सूर्य १० अंशांवर, पण समुद्रावरून येणारे खालचे ढग कान्ताब्रियन पर्वताला अडून तिथेच बसतात. त्या पर्वताच्या दक्षिणेला, पठारावर, तुम्ही आहात. जागा चांगली निवडली आहे. भावाला सांगा.

पठारावर भीती आहे ती दुपारी तापून चढणाऱ्या ढगांची. त्यातले छोटे पांढरे पुंजके संध्याकाळी जमीन निवत गेली की विरतात, आणि खंडग्रास सुरू झालं की आणखी लवकर, कारण खालून मिळणारी ऊब तुटते. त्यामुळे दुपारी चारला असे पुंजके पाहून रडू नका. मात्र एखादा ढग उंच चढून वर ऐरणीसारखा पसरला असेल, तर तो ग्रहणाला भीक घालत नाही. तो कुठल्या दिशेला आहे ते बघा आणि त्याच्या रेषेतून बाजूला व्हा.

उनाड_पाऊले:

एवढा आटापिटा कशाला? २ ऑगस्ट २०२७ ला इजिप्तमध्ये लक्सॉरला सहा मिनिटांहून जास्त खग्रास आहे, वाळवंट आहे, ऑगस्टमध्ये तिथे ढग शोधावा लागतो. एक वर्ष थांबा. किंवा माद्रिदला रहा, तिथे सूर्य जवळजवळ पूर्ण झाकला जाणारच आहे.

धागाकर्ती:

@उनाड_पाऊले, लक्सॉर डोक्यात आहे. पण बहात्तर वर्षांच्या माणसाला "पुढच्या वर्षी" म्हणायला जीभ रेटत नाही. शिवाय तिथला ऑगस्ट चाळिशीच्या वरचा. माद्रिदचं नाव बाबांपुढे काढलं तर ते म्हणाले, "लग्नाला जाऊन मांडवाबाहेर उभं राहायचं का?"

@नकाशेबाज, पश्चिमेला बोट ठेवण्याची गोष्ट डोक्यात आलीच नव्हती. भावाला वाचून दाखवली. तो पाच मिनिटं गप्प होता, हे आमच्या घरात क्वचित घडतं. पण मग पश्चिमेकडेच बिघडलं तर कुठे पळायचं? आणि किती वाजेपर्यंत?

जुनापुराणा:

अवांतर, पण राहवत नाही. १८६८ च्या ग्रहणात गुंटूरला सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट पाहणारा फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन, त्याची १८७० ची गोष्ट. पॅरिसला जर्मन सैन्याचा वेढा पडलेला. हा पठ्ठ्या ग्रहण चुकू नये म्हणून उपकरणं घेऊन बलूनमधून शहराबाहेर उडाला आणि अल्जेरियात ओरानला पोचला. २२ डिसेंबरला तिथे ढग! पुढच्या वर्षी परत भारतात आला आणि १२ डिसेंबर १८७१ ला निलगिरीत त्याला ग्रहण मिळालं. तुमच्या बाबांना सांगा, यादीत मोठी माणसं आहेत.

(विजयदुर्गावर हेलियम सापडला असं कुणी लिहायच्या आत सांगतो, हेलियमच्या शोधाशी ज्याचं नाव जोडतात तो इंग्रज शास्त्रज्ञ लॉकियर विजयदुर्गाला आला तो १८९८ च्या ग्रहणाला. १८६८ ला तो इंग्लंडातच होता.)

खग्रासवेडा:

पळायचं कसं ते सांगतो. आजच तीन जागा ठरवा, आयत्या वेळी नकाशा उघडायचा नाही. एक बुर्गोसजवळची, एक पालेन्सियाकडची (नव्वदेक किलोमीटर), एक सोरियाकडची (एकशेचाळीस). तिन्ही खग्रास पट्ट्यात आहेत. लेऑन एकशेऐंशीच्या आसपास पडतं, बाबांच्या गुडघ्यांना ते झेपणार नाही, सोडून द्या. तिन्ही ठिकाणी पश्चिमेला टेकडी, झाड, इमारत नको, आणि गाडी रस्त्यापासून आत लावता यायला हवी.

निर्णय एकदाच, दुपारी दोनच्या सुमारास. चित्र बघा, जागा ठरवा, जेवून निघा. पाचला चाकं थांबली पाहिजेत. त्यानंतर समोर काहीही आलं तरी हलायचं नाही. खंडग्रास साडेसातच्या सुमारास सुरू होतं आणि तोवर रस्त्यांवर अर्धा स्पेन उतरलेला असेल. ढगामुळे ग्रहण हुकलेले मी पाहिलेत, पण शेवटच्या तासात पळापळ करून रस्त्यात अडकलेले जास्त पाहिलेत. त्यांच्या वर आकाश स्वच्छ होतं आणि समोर ट्रकची पाठ.

नकाशेबाज:

आणि ११ तारखेला संध्याकाळी ८:२८ ला त्याच जागी जाऊन उभे रहा. एका दिवसात सूर्याची जागा जवळपास बदलत नाही. कुठलं झाड आडवं येतं ते तिथेच कळेल. ग्रहणाचे चष्मे आयएसओ १२३१२-२ या सुरक्षा-मानकाचे घ्या, सूर्याच्या कडेवरचा उजेडाचा शेवटचा मणी विझला की काढा आणि परत उजेड फुटला की लगेच घाला. सूर्य खाली आहे, लालसर आहे म्हणून खंडग्रासात उघड्या डोळ्यांनी बघू नका.

धागाकर्ती:

सगळ्यांचे आभार. बुर्गोस कायम. अ‍ॅप काढलं (भावाने स्वतः काढलं, नोंद घ्यावी). तीन जागा नकाशावर शोधायला बसलोय, पालेन्सियाकडची मिळाली आहे, सोरियाकडे अजून पश्चिम मोकळी असलेली जागा सापडत नाही, कुणाला तो भाग माहीत असेल तर सुचवा. दोनला निर्णय, पाचला चाकं बंद, हे बाबांनी स्वतःच्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावलंय.

त्यांची एक शंका मात्र राहिली. सूर्य एवढा खाली असेल तर घडीच्या खुर्चीत बसून, मान वर न करता सगळं दिसेल ना? दिसणार असेल तर खुर्ची इथूनच न्यायची म्हणतायत. सुरतेला उभं राहून पाय दुखले होते, ते अजून आठवतंय त्यांना.